रंग न पाहणारी उष्णता : मुरुमांच्या वणांवरील रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारांच्या सुरक्षिततेचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

सौंदर्योपचारांची चर्चा महाविद्यालयाच्या संशोधनपत्रिकेत व्हावी काय, असा प्रश्न काही अध्यापक मित्रांना पडण्याचा संभव आहे. हा विषय वैद्यकाचा, आणि त्यातही हौसेच्या वैद्यकाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मुरुमांचे वण ज्यांना सर्वाधिक सलतात तो वर्ग सतरा-अठरा ते तीस या वयाचा, म्हणजे बव्हंशी आपल्याच वर्गांत बसणारा आहे. या वणांवर उपाय म्हणून अलीकडे ज्या पद्धतींचा प्रसार झाला त्यांत रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने त्वचेच्या आतील थरास उष्णता देण्याची पद्धत, ही एक प्रमुख होय. तिच्याविषयी जाहिरातींतून व माहितीपत्रकांतून जे लिहिले जाते त्यात एक विधान वारंवार आढळते : ही ऊर्जा त्वचेचा रंग पाहत नाही, म्हणून ती भारतीय त्वचेस सुरक्षित आहे.

प्रस्तुत लेखात या एका विधानाची तपासणी करावयाची आहे. त्याचा पूर्वार्ध पदार्थविज्ञानाचा आहे व तो बहुतांशी बरोबर आहे. उत्तरार्ध वैद्यकाचा आहे व तो पूर्वार्धातून निष्पन्न होत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो मधल्या 'म्हणून' या शब्दास.

वण आणि डाग

मराठीत या विषयाची चर्चा पहिल्याच शब्दापाशी अडखळते. मुरूम बरा झाल्यावर मागे राहणाऱ्या सर्व खुणांना आपण सरसकट 'डाग' म्हणतो. वस्तुतः तेथे दोन भिन्न गोष्टी असतात. पहिली रंगातील बदलाची. दाह ओसरल्यावर त्या जागी मेलॅनिन हे रंजकद्रव्य अधिक प्रमाणात साठून राहते व काळपट ठिपका दिसतो. त्वचेचा पृष्ठभाग मात्र सपाट असतो. असा ठिपका काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात, बहुधा आपोआप फिकट होत जातो. दुसरी गोष्ट रचनेतील बदलाची. दाहामुळे त्वचेच्या आतील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू नष्ट होतात, वरचा थर खाली ओढला जातो आणि खड्डा पडतो. हा खड्डा आपोआप भरत नाही. या दुसऱ्या प्रकारासाठी मराठीत 'वण' असा नेमका शब्द होता. 'देवीचे वण' हा प्रयोग मागील पिढीच्या तोंडी सहज असे. १९७५ मध्ये देशातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि रोगापाठोपाठ हा शब्दही बोलण्यातून ओसरला, असे दिसते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. रेडिओफ्रिक्वेन्सी ही वणांवरची पद्धत आहे, डागांवरची नव्हे. किंबहुना सावळ्या त्वचेत ती नवे डाग निर्माण करू शकते. अशा स्थितीत 'मुरुमांचे डाग घालवा' अशी पाटी वाचून जो विद्यार्थी पैसे भरतो, त्याच्या चेहऱ्यावर खड्डे आहेत की केवळ काळपट ठिपके, हा पहिला प्रश्न ठरतो. ठिपकेच असतील तर सूर्यप्रकाशापासून संरक्षण, साधी मलमे आणि धीर एवढ्यावर काम भागण्यासारखे असते.

वणही सगळे सारखे नसतात. २००१ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी रूढ केलेल्या वर्गीकरणात खोलगट वणांचे तीन प्रकार सांगितले आहेत : बर्फ फोडण्याच्या टोच्याने पडावीत तशी अरुंद व खोल छिद्रे, उभ्या कडांचे, पेटीसारखे खड्डे, आणि कडा नसलेले, लाटेसारखे उतरते खळगे. उष्णतेच्या उपचाराचा त्यातल्या त्यात चांगला परिणाम उथळ पेटीसारख्या व लाटेसारख्या वणांवर दिसतो. टोच्यासारखी छिद्रे त्याला फारशी दाद देत नाहीत. त्यांसाठी छिद्रात तीव्र आम्लाचा थेंब सोडणे अथवा तेवढाच भाग कापून काढणे असे वेगळे उपाय आहेत. लाटेसारखे वण खालच्या तंतूंनी जखडलेले असतील तर ते तंतू आधी सुईने तोडावे लागतात. एकाच यंत्राने सर्व वण जातील असे सांगणारा मनुष्य निदान न करता उपचार विकत असतो.

उष्णता कोठे निर्माण होते

१८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये दार्सोन्व्हाल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, विद्युतप्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलत असेल तर तो शरीरातून जाताना स्नायूंना झटका बसत नाही. केवळ ऊब जाणवते. पुढे १९२६ मध्ये बोस्टन येथे हार्वी कुशिंग यांनी बोव्ही यांनी तयार केलेले यंत्र मेंदूवरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरले. आज शस्त्रक्रियागृहात सर्रास दिसणारी विद्युत-सुरी ती हीच. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अशा यंत्रास अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा हे तत्त्व सौंदर्योपचारात आले. म्हणजे तंत्र जुने, उपयोग नवा.

वणांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत बहुधा १ ते २ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह असतो. आकाशवाणीच्या मध्यमलहरींचा पट्टाही याच्याच आसपास येतो. 'रेडिओ' या शब्दामुळे काहींच्या मनात किरणोत्सर्गाची भीती असते. ती निराधार आहे. १ मेगाहर्ट्झच्या एका ऊर्जाकणात सुमारे ४ अब्जांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच ऊर्जा असते, तर रेणूचे आयनीभवन होण्यासाठी १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. धोका असलाच तर तो साध्या भाजण्याचा आहे. गंमत अशी की, रुग्ण ज्याला भितो ते येथे नसते, आणि जे असते त्याची त्याला कल्पना दिली जात नाही.

प्रवाहाची दिशा उलटसुलट होत असताना ऊतीतील आयन पुढेमागे हेलकावतात आणि ऊतीच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ज्यूलचा नियम आपण अकरावी-बारावीला शिकवतो : उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या, रोधाच्या आणि कालावधीच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. यंत्राच्या पडद्यावर एक पायरी वर जाणे ही गोष्ट त्यामुळे दिसते तितकी साधी नसते. कोलॅजेनचे तंतू ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकसतात व विघटित होतात. ही एक नियंत्रित इजाच असते. तिला उत्तर म्हणून शरीर पुढील काही आठवडे नवे कोलॅजेन तयार करते व त्यामुळे खड्डा काही अंशी वर उचलला जातो. उपचार म्हणतात तो हा. इजा हे त्याचे साधन आहे, अपघात नव्हे. म्हणूनच इजेचे प्रमाण आणि इजेची जागा यांवर सर्व काही अवलंबून राहते.

जागा निश्चित करण्यासाठी अलीकडील यंत्रांत बारीक सुयांचा संच असतो. सुया त्वचेत शिरतात, आणि मग क्षणभर प्रवाह सोडला जातो. काही सुयांना टोकाखेरीज विद्युतरोधक लेप असतो, त्यामुळे उष्णता टोकाशीच राहते व वरचा थर वाचतो. लेप नसलेल्या सुयांत ती सुईच्या संपूर्ण लांबीवर पसरते. लेप असलेली सुईदेखील पूर्ण न शिरता प्रवाह सुरू झाला, किंवा प्रवाह थांबण्यापूर्वी बाहेर ओढली गेली, तर वरचाच थर भाजतो. दुसरा मुद्दा खोलीचा. पुष्कळ यंत्रांत सुई सुमारे साडेतीन मिलिमीटरपर्यंत आत नेण्याची सोय असते. चेहऱ्याची त्वचा मात्र सर्वत्र सारखी नसते. कपाळ आणि कानशीलाजवळ ती इतकी पातळ असते की, गालासाठी योग्य असलेली खोली तेथे थेट चरबीच्या थरात पोहोचते. चरबी तापून नष्ट झाली तर तेथे नवा खोलगटपणा येऊ शकतो. म्हणजे खड्डा भरण्यासाठी गेलेला मनुष्य खड्डा घेऊन परत यावा, असा हा प्रकार. हे यंत्राच्या दोषामुळे होत नाही. हात आणि निर्णय चुकल्याने होते.

'लेसरपेक्षा' हा गळलेला शब्द

आता मूळ विधानाकडे वळू. लेसरचा प्रकाश त्वचेत शिरताना कोणत्या ना कोणत्या द्रव्यात शोषला जावा लागतो. त्यांपैकी अनेक तरंगलांबींचे शोषण मेलॅनिन करते. त्वचा जितकी सावळी तितकी वरच्याच थरात अधिक ऊर्जा अडकते आणि भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका वाढतो. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रवाहास मात्र मेलॅनिनशी देणेघेणे नसते. तो ऊतीचा रोध पाहतो, रंग पाहत नाही. इंग्रजी लेखनात या ऊर्जेला 'कलर-ब्लाइंड' म्हणण्याची प्रथा आहे, ती यामुळे. आपल्याकडील त्वचेचा विचार करता हा फरक महत्त्वाचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हार्वर्डचे टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे जे प्रकार मांडले ते मुळात गोऱ्या त्वचेवरील प्रकाशोपचाराची मात्रा ठरविण्यासाठी होते. तपकिरी व काळ्या त्वचेसाठीचे पाचवा व सहावा हे प्रकार त्यात मागाहून जोडले गेले. भारतीयांची त्वचा बहुशः चौथ्या व पाचव्या प्रकारात बसते. ज्या मोजपट्टीत आपण मागाहून आलो, तिच्या आधारावर बनलेल्या यंत्रांकडे सावधपणे पाहणे युक्तच होय.

तथापि ऊर्जा कोठे शोषली जाते हा एक प्रश्न आणि त्वचा त्या इजेला काय उत्तर देते हा दुसरा. पहिल्यात मेलॅनिनचा संबंध नाही, दुसऱ्यात आहे. रंजकद्रव्य तयार करणाऱ्या पेशी केवळ प्रकाशानेच उद्दीपित होतात असे नाही. दाह, उष्णता, टोचणे यांनीही होतात. मुरुमानंतर काळा ठिपका पडतो तो कोणत्या लेसरमुळे? जी त्वचा साध्या मुरुमाच्या दाहाला काळेपणाने उत्तर देते, ती शेकडो तप्त सुयांना वेगळे उत्तर देईलच असे गृहीत धरण्यास आधार नाही. ऊर्जेला रंग दिसत नसेल; जखम भरणाऱ्या त्वचेला तो आठवतो.

मग 'सुरक्षित' हा शब्द आला कोठून? प्रस्तुत लेखकाच्या मते यात मराठीच्या रचनेचाही थोडा हात आहे. वैद्यकीय लेखनात मूळ विधान तुलनेचे असते : सावळ्या त्वचेत ही पद्धत अमुक लेसरपेक्षा कमी धोक्याची आहे. इंग्रजीत विशेषणाचे तुलनादर्शक रूपच वेगळे असल्याने तुलनेचा दुसरा पक्ष गाळला तरी तुलना झाली होती एवढे तरी कळते. मराठीत विशेषण बदलत नाही. तुलना सगळी 'पेक्षा' या अव्ययावर उभी असते. 'लेसरपेक्षा सुरक्षित' यातून पहिला शब्द गळला की 'सुरक्षित' उरते, आणि काही गळाले याची खूणही राहत नाही. 'सुरक्षिततर' असे रूप संस्कृतच्या आधारे करता येते, पण माहितीपत्रकात ते कोण छापणार? याच न्यायाने 'कमी वेदनांचा' उपचार 'वेदनारहित' होतो. प्रत्यक्षात सुया टोचण्यापूर्वी चेहऱ्यावर पाऊण-एक तास बधिरतेचे मलम लावून बसावे लागते, यातच काय ते आले.

पुराव्याचे वजन

उपचाराचा गुण येतो की नाही, याविषयीचा पुरावा मध्यम दर्जाचा आहे असे म्हणणे न्याय्य ठरेल. कोक्रेन या संस्थेने २०१६ साली मुरुमांच्या वणांवरील सर्व प्रकारच्या उपचारांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. त्यात निकषांना उतरलेल्या चाचण्या होत्या २४ आणि त्यांतील एकूण सहभागी ७८९. म्हणजे एका चाचणीत सरासरी तेहेतीस माणसे. दीर्घकालीन परिणाम पाहणारी चाचणी त्यांत एकही नव्हती. कोणत्याही एका उपचारास पहिल्या पसंतीचा म्हणावे इतका चांगला पुरावा नाही, असा त्या आढाव्याचा एकूण सूर होता. त्यानंतर चाचण्यांची संख्या वाढली आहे हे खरे. परंतु लहान गट आणि अल्प पाठपुरावा ही या क्षेत्राची जुनी खोड आहे.

भारतातील एक अभ्यास येथे उदाहरणादाखल घेऊ, कारण तो आपल्याच त्वचेवरील आहे. २०१४ साली 'जर्नल ऑफ क्युटेनियस अँड एस्थेटिक सर्जरी' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तिसऱ्या ते पाचव्या प्रकारची त्वचा असलेल्या ३१ रुग्णांवर सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने चार वेळा सुयांच्या रेडिओफ्रिक्वेन्सीचा उपचार करण्यात आला. वणांची तीव्रता मोजण्याच्या चार पायऱ्यांपैकी ८०.६४ टक्के रुग्ण दोन पायऱ्यांनी सुधारले, उरलेले १९.३५ टक्के एका पायरीने. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु ८०.६४ टक्के म्हणजे ३१ पैकी २५ माणसे. जेथे एक माणूस इकडचा तिकडे झाला तर सव्वातीन टक्क्यांचा फरक पडतो, तेथे दशांशचिन्हापुढील दोन आकडे नेमकेपणाचा आभास तेवढा निर्माण करतात. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसत्या सुयांनी, विद्युतप्रवाह न सोडता, किती गुण आला असता? हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण विद्युतप्रवाहाशिवाय केवळ सुया टोचणाऱ्या एका यंत्रास मुरुमांच्या वणांसाठी अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळालेली आहे. गुणाचा किती वाटा सुईचा व किती उष्णतेचा हे कळल्याखेरीज उष्णतेचा जादा धोका पत्करण्याजोगा आहे काय, हे ठरविता येत नाही. आणखी एक नोंद महत्त्वाची : त्या अभ्यासात तात्पुरते दुखणे, लाली व सूज यांबरोबर त्वचा काळी पडण्याचीही नोंद आहे. मूळ संशोधकांनी जे प्रामाणिकपणे लिहिले ते माहितीपत्रकात उतरत नाही.

तीव्रतेच्या या पायऱ्या गुडमन व बॅरन यांच्या पद्धतीच्या आहेत. तीत वण ५० सेंटिमीटर अंतरावरून सहज दिसतो की नाही याला महत्त्व दिले आहे. चारचौघांत वावरताना माणसे साधारणतः एवढे अंतर राखतात, हा त्यामागील विचार शहाणपणाचा आहे. रुग्ण मात्र स्वतःकडे आरशात वीतभर अंतरावरून पाहतो, आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याहूनही जवळून. वैद्याच्या लेखी दोन पायऱ्यांची सुधारणा झालेला रुग्ण निराश होऊन घरी जातो, त्याचे एक कारण हे असावे.

छायाचित्रांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण जाहिरातीचा सारा भार त्यांच्यावर असतो. खड्डा छायाचित्रात दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. प्रकाश बाजूने आला की प्रत्येक खळग्याची कड उठून दिसते. तोच प्रकाश समोरून टाकला की सावल्या नाहीशा होतात व गाल सपाट भासतो. 'आधी'चे चित्र खिडकीजवळ आणि 'नंतर'चे समोरच्या प्रखर दिव्यात घेतले तर कोणताही उपचार न करता सुधारणा दाखविता येईल. हा प्रयोग वर्गात, संत्र्याच्या सालीवर, पाच मिनिटांत होण्यासारखा आहे. त्यात भर म्हणजे उपचारानंतरचे काही दिवस चेहऱ्यावर सूज असते आणि सुजेने खड्डे वर उचललेले दिसतात. नवे कोलॅजेन तयार होण्यास काही महिने लागत असल्याने शेवटच्या बैठकीनंतर किमान तीन महिन्यांनी, त्याच प्रकाशात, त्याच कोनातून घेतलेले चित्रच विचारात घेण्याजोगे होय.

'मान्यताप्राप्त' म्हणजे काय

'अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता' हे शब्द अनेक माहितीपत्रकांवर ठळकपणे छापलेले असतात. (महाराष्ट्रातही याच नावाचे खाते असल्याने वाचकाचा आणखी एक गोंधळ होतो, तो वेगळाच.) अशी बहुतेक यंत्रे तेथे ज्या मार्गाने बाजारात येतात, त्यात आधीच बाजारात असलेल्या यंत्राशी नवे यंत्र सारभूतपणे समतुल्य आहे एवढे दाखवावे लागते. अत्यंत जोखमीच्या उपकरणांना लागू होणारी कसोटी याहून पुष्कळ कडक असते. त्या देशाच्या परिभाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपण दोहोंनाही 'मान्यता' म्हणून मोकळे होतो.

त्याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुयांच्या रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्रांविषयी सुरक्षाविषयक सूचना प्रसिद्ध केली. भाजणे, वण पडणे, चरबी नष्ट होणे, चेहरा विद्रूप होणे, मज्जातंतूंना इजा, आणि या हानीच्या दुरुस्तीसाठी शस्त्रक्रियेची गरज अशा गंभीर गुंतागुंतीच्या तक्रारी आपल्याकडे आल्याचे तीत म्हटले आहे. ही वैद्यकीय प्रक्रिया आहे, निव्वळ सौंदर्योपचार नव्हे, आणि ही यंत्रे घरी वापरू नयेत, असेही बजावले आहे. सूचना केवळ मुरुमांच्या वणांपुरती नाही, आणि तीत बंदीही नाही. एवढ्यावरून ही पद्धत टाकाऊ ठरविणे हा दुसऱ्या टोकाचा अतिरेक होईल. योग्य वण निवडून, अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून, आधी मुरूम आटोक्यात आणून केलेल्या उपचाराचा लाभ अनेकांना होतो. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, जखमेवर गाठ वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आणि त्या भागात जंतुसंसर्ग झालेल्यांनी तो टाळावा, हेही तज्ज्ञ सांगतातच. प्रश्न आहे तो हे सर्व सही घेण्याच्या कागदावर, मराठीत, हप्त्यांचा हिशेब सुरू होण्यापूर्वी रुग्णाच्या वाचनात येते काय, हा.

आपल्याकडील कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे आणली गेली. अधिक जोखमीच्या वर्गांतील उपकरणांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. परंतु हे नियम पाहतात ते यंत्र. ते कोणाच्या हातात आहे, सुईची खोली कोण ठरवितो, हे परवान्याच्या कागदावरून कळत नाही.

अमेरिकेतील सूचना निघाली ती तक्रारी नोंदल्या गेल्या म्हणून. आपल्याकडेही उपकरणांमुळे झालेल्या हानीची नोंद ठेवण्यासाठी जुलै २०१५ पासून 'मटेरिओव्हिजिलन्स' नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे व त्याचे काम गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते. तेथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही तक्रार नोंदविता येते. गालावर सुयांच्या ठशांची काळी जाळी उमटलेली मुलगी मात्र तेथे जात नाही. ती ओढणीने गाल झाकते, 'माझीच त्वचा तसली' असे म्हणते, आणि उरलेल्या दोन बैठकांचे पैसे भरलेले असल्यामुळे पुढच्या तारखेला पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसते.